रक्ताची काच

परवा कपाट आवरताना कागदाचा मायक्रोस्कोप सापडला. फोल्डस्कोप! हौसेने मागवला होता, पोराने दोन दिवस कांद्याची साल बघितली आणि मग गेला खणात. हातात घेतला आणि थेट वडसा आठवलं.

वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, गडचिरोली जिल्हा. लहानपणी ताप आला की मलेरियावाले काका यायचे, बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचा ठिपका घ्यायचे. ती काच इतर गावांच्या काचांसोबत तपासणीला जायची. आत जंगलाकडच्या गावात माझी मामेबहीण राहायची. तिचीही काच अशीच गेली. 'फॅल्सिपॅरम' असा निकाल आला तोवर तिची तेरवी झाली होती.

तपासणारा चुकला नव्हता. मधले दिवस नडले.

खिशात मावणारं भिंग तसं जुनंच. लेव्हेनहुकने 1674 मध्ये रक्तपेशींचं वर्णन केलं, ते तळहाताएवढ्या, एकाच भिंगाच्या यंत्रातून बघून. 1897 मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला, तेव्हा त्याच्या मायक्रोस्कोपचे स्क्रू त्याच्याच घामाने गंजले होते. (पंखाही चालवता येईना, डासांचे तुकडे उडायचे म्हणे!) मग 2014 मध्ये स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या चमूने फोल्डस्कोप मांडला. घडीचा कागद, मण्यासारखं भिंग, वजन नऊ ग्रॅमच्या आत, सुटे भाग एक डॉलरपेक्षा स्वस्त.

हा तेव्हा वडशाला असता तर? इंजिनियर माणूस, बसलो आकडे मांडत. तांबडी पेशी 7-8 मायक्रॉन, तिच्यातली फॅल्सिपॅरमची कोवळी अंगठी जेमतेम एक-दीड. माझ्या खणातला 140 पट मोठं दाखवतो, लॅबवाला तेलाचा थेंब टाकून हजार पट बघतो. संशोधनातल्या आवृत्तीत 2000 पटींचं भिंगही होतं म्हणा. पण काच नीट रंगवणारा हात आणि शंभर जागा निवांत तपासणारी नजर कुठून आणणार?

शेवटी गावात पोचली ती भिंग नसलेलीच वस्तू: आशाताईंच्या पिशवीतली रॅपिड टेस्टची पट्टी. एक थेंब रक्त, पाव तास, दोन रेघा. औषध त्याच ओट्यावर सुरू.

असो. फोल्डस्कोप परत खणात टाकला नाही, दिवाळीत मामीकडे नेणार आहे. तांबड्या पेशी त्यात दिसतात, आत्ताच बोट टोचून बघितलं.