अन्न सुरक्षा अधिकारी

खाद्यपदार्थांचे उत्पादन, साठवण व विक्री यांची तपासणी करणारा शासकीय अधिकारी. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली हे काम अन्न निरीक्षकाकडे असे (पहा : अन्नभेसळ). अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ हा ५ ऑगस्ट २०११ पासून अंमलात आल्यावर सध्याचे पद आले. महाराष्ट्रात ते अन्न व औषध प्रशासनात आहे.

नमुना घेणे हा कामाचा गाभा. विक्रेत्याला किंमत देऊन घेतलेल्या नमुन्याचे चार भाग मोहोरबंद करतात. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जातात. चौथा भाग, व्यावसायिकाने मागणी केल्यास, अधिस्वीकृत प्रयोगशाळेकडे पाठवतात. व्यावसायिकाच्या दृष्टीने ही तरतूद विशेष मोलाची. विश्लेषकाने अहवाल १४ दिवसांत द्यायचा असतो. अकारण, त्रास देण्यासाठी जप्ती केल्यास अधिकाऱ्यालाच १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो (कलम ३९).