दुकान आपलं, जागा कोणाची?

मंडळी, धंद्याची वेबसाइट स्वतः बनवताना होणाऱ्या चुका हा विषय वरवर तांत्रिक वाटतो. आज मात्र आपण त्याच्याकडे इतिहास म्हणून बघणार आहोत. कारण गेल्या तीस वर्षांत साधनं बदलली, पण चुका बऱ्याचशा त्याच राहिल्या.

पहिली चूक जागेची. १९९४ मध्ये डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी अमेरिकेत एक सेवा सुरू केली. तीच पुढे जिओसिटीज म्हणून गाजली. तिथे कोणालाही फुकट जागा मिळायची, आणि ‘हॉलिवूड’, ‘सिलिकॉन व्हॅली’ अशा नावांच्या वस्त्या होत्या. १९९९ मध्ये याहूने ती साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेतली. त्याच वर्षी नव्या अटींमध्ये लोकांच्या मजकुरावर व्यापक हक्क सांगितला गेला. लोक खवळले, तेव्हा अटी बदलाव्या लागल्या. पण ऑक्टोबर २००९ मध्ये ती सगळी वसाहतच बंद झाली. स्वयंसेवकांनी जेवढं उतरवून घेतलं तेवढं वाचलं.

ही जुनी गोष्ट झाली, असं म्हणाल. मग मार्च २०२४ आठवा. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून फुकट बनवलेल्या वेबसाइट तेव्हा बंद झाल्या. जुना पत्ता टाकला की जूनपर्यंत प्रोफाइल उघडायचं, नंतर तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता पाटीवर आणि बिलबुकावर छापला होता, त्यांना सगळं नव्याने छापणं आलं.

दुसरी चूक थाटामाटाची. लंडनचं बू डॉट कॉम नोव्हेंबर १९९९ मध्ये सुरू झालं. कपडे विकायचे होते, पण पानावर हलती चित्रं आणि बोलकी विक्रेती! त्या काळी बहुतेकांच्या घरी फोनच्या तारेवरचं संथ इंटरनेट. पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जायचं. मे २००० मध्ये दुकानाला टाळं लागलं. खर्च इतरही बाबतींत बेसुमार होताच, पण दारच उघडत नसेल तर विक्री कशी होणार?

तिसरी चूक आपल्या घरची. युनिकोड रुळण्याआधी मराठी वेबसाइट वेगवेगळ्या फॉन्टांत असत. वाचणाऱ्याकडे नेमका तो फॉन्ट नसला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसे. शोधयंत्रालाही तो मजकूर मराठी म्हणून कळत नसे. आजही काही जण दरपत्रक आणि फोन नंबर चित्र म्हणून चिकटवतात. तोच प्रकार, नाही का?

यातून आपण काय घ्यायचं? डोमेन आपल्याच नावावर, आपल्याच ईमेलवर नोंदवावं. बनवून देणाऱ्याच्या नावावर राहिलं, तर उद्या भांडण झालं की पाटीच त्याच्या हातात. मजकुराची आणि फोटोंची प्रत आपल्याजवळ ठेवावी. पान साध्या फोनवर, रेंज कमी असताना उघडून बघावं. पत्ता, वेळ, भाव आणि फोन नंबर अक्षरांत लिहावेत.

वेबसाइट बनवणारी सेवा भाड्याची असायला हरकत नाही. आपणही गाळा भाड्याने घेतोच की! पण जागा सोडावी लागली तर माल आणि पाटी आपल्याबरोबर नेता येईल ना, एवढं पहिल्याच दिवशी विचारून घेऊया.