मागच्या चाकाला नट, की खटका?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी. बोलताना झालेलं 'अं... म्हणजे' काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आपल्या एका श्रोत्याने विचारलं होतं, 'सिंगल-स्पीड बनवतोय. मागच्या हबला क्विक रिलीज घेऊ की नट?' इंटरनेटवर याचं उत्तर एका झटक्यात मिळतं: सिंगल-स्पीडला क्विक रिलीज चालत नाही, चाक सरकतं. माझंही चाक सरकलं होतं, त्यामुळे मीही बरेच दिवस हेच सांगत फिरत होतो. पण कारण वेगळंच निघालं. त्यासाठी आधी इटलीत जाऊ, मग परत शनिवार पेठेत येऊ.

शंभरेक वर्षांपूर्वीच्या शर्यतीच्या सायकलला आजच्यासारखे गिअर नव्हते. मागच्या हबच्या दोन्ही बाजूंना एकेक दातेरी चक्र असायचं, एक सपाटीसाठी आणि एक चढासाठी. घाट आला की रायडर उतरणार, नट सोडवणार, चाक काढून उलटं फिरवून बसवणार आणि पुन्हा पेडल मारणार. टूर द फ्रान्समध्ये चालता चालता गिअर बदलणाऱ्या डिरेलरला परवानगी मिळाली ती थेट 1937 साली. तोवर गिअर बदलणं म्हणजे चाक काढणं.

इथे तुल्लियो कांपान्योलोची प्रसिद्ध गोष्ट येते. 11 नोव्हेंबर 1927, क्रोचे दाउने नावाचा घाट आणि बर्फ. चाक उलटं करायला हा गडी उतरला, पण बोटं इतकी गारठलेली की पंखवाले नट काही सुटेनात. त्यातून त्याला क्विक रिलीज सुचलं आणि 1933 मध्ये विचेंझा गावात त्याने कंपनी काढली. गोष्ट भारी आहे. नंतरच्या अभ्यासकांनी मात्र ती खरंच अशी घडली का, यावर शंका घेतलीय. मला त्या बोटांपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या चाकासाठी हा खटका हवाहवासा झाला, ते एका वेळी एकच गिअर देणारं चाक होतं! म्हणजे आज ज्याला 'सिंगल-स्पीडला चालत नाही' म्हणतात, त्याची गरजच तिथून आली.

पंखवाला नट बघायचा असेल तर कर्वेनगरमधल्या विक्रम पेंडसे सायकल्सच्या संग्रहालयात जा. तिथे दुसऱ्या महायुद्धातली घडीची बीएसए पॅराट्रूपर आहे. त्या सायकलच्या घडीच्या सांध्यांना असे नट असतात.

आता पुणं. 'सायकलींचं शहर' हे बिरुद आपण अजून मिरवतो. 1972 मध्ये लुना आली, नंतर स्कूटरी वाढल्या आणि काय झालं ते लक्ष्मी रोडवर रोज दिसतंच. पण आपल्या आजोबांच्या पिढीची सायकल कुठली? इंग्लिश घाटणीची काळी, जड. आधी रॅले, बीएसए, हर्क्युलस. मग 1951 ची सोनिपतची अ‍ॅटलस, 1956 ची लुधियानाची हिरो. दांडीचे ब्रेक, चेनकव्हर, एकच गिअर आणि मागे नट.

खटका इटलीत कधीचाच रूढ झाला, तरी या सायकलींना कधी लागला नाही. का? लोक लगेच म्हणतात, स्वस्तात बनवायच्या म्हणून. ते आहेच, पण मला वाटतं त्याहून मोठं कारण पंक्चरवाल्याकडे आहे. आपला पंक्चरवाला चाक काढतच नाही! सायकल आडवी किंवा उलटी करतो, टायर एका बाजूने रिमच्या बाहेर घेतो, ट्यूब ओढून घमेल्यातल्या पाण्यात बुडवतो, बुडबुडे बघतो, घासतो, सोल्युशन, पॅच, संपलं. चाक जागच्या जागी. मग लवकर चाक काढायची सोय हवीय कोणाला?

शिवाय त्या मागच्या नटाखाली अख्खा संसार असतो. मडगार्डच्या काड्या, कॅरिअरचे पाय, स्टँड, सगळं त्याच अ‍ॅक्सलवर चढवलेलं आणि वरून नट आवळलेला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझा पराक्रम. आजोबांची फ्रेम माळ्यावर पडून होती. मी कॅरिअर काढलं, स्टँड काढला, मडगार्ड काढले. एकदम मिनिमल! जुन्या मागच्या रिमला 40 आरे आणि नवे हब मिळतात 32 किंवा 36 भोकांचे, म्हणून अख्खं चाकच नवीन घेतलं, क्विक रिलीजवालं. जागा कमी होती, तर आमच्या गल्लीतल्या मेकॅनिककाकांनी फ्रेमचे मागचे दोन पाय थोडे फाकवून दिले.

चौथ्या दिवशी शनिवारवाड्यासमोर सिग्नल सुटला. मी उभा राहून पेडल दाबलं आणि उजव्या बाजूने चाक पुढे सरकलं. टायर डाव्या पाइपला घासून जाम, मागे पीएमटी हॉर्न मारतेय. फ्रीव्हील होतं आणि पुढचा ब्रेक होता, म्हणून निभावलं. फिक्सी असती आणि चेन ढिली होऊन उतरली असती तर? ब्रेक न लावता पायानेच थांबवणारे जे वीर आहेत, त्यांचा एकमेव ब्रेक म्हणजे ती चेन.

मी काकांना म्हटलं, "क्विक रिलीजच भंगार आहे, नट लावून द्या." काकांनी खटका उघडला, काडी बाहेर काढली आणि म्हणाले, "अरे, हा पकडतोय कशाला ते बघ की आधी."

बघितलं. क्विक रिलीजचा अ‍ॅक्सल पोकळ असतो, त्यातून 5 मिलिमीटरची काडी जाते. खटका फिरवला की मध्य सोडून भोक पाडलेली एक चकती ती काडी ताणते आणि दोन्ही टोकं फ्रेमला चिमटीत धरतात. पण त्यासाठी अ‍ॅक्सलचं टोक फ्रेमच्या खाचेच्या आतच संपायला हवं. हा अ‍ॅक्सल दोन्हीकडे साधारण 5 मिलिमीटर बाहेर येतो, कारण शर्यतीच्या फ्रेमचा पत्रा तितका जाड असतो. आजोबांच्या फ्रेमचा पत्रा त्याहून पातळ. तिथली जाडी भरून काढत होते कॅरिअरचे पाय आणि मडगार्डच्या काड्या, ज्या मी स्टायलीसाठी फेकल्या! माझा खटका अ‍ॅक्सलच्या टोकांना घट्ट दाबत होता, फ्रेमला नुसता टेकलेला.

काकांनी ग्राइंडरवर दोन्ही टोकं थोडी खाल्ली आणि काडीही बदलली. उघड्या चकतीची स्वस्त काढून झाकलेल्या चकतीची, स्टीलच्या दातेरी तोंडाची बसवली. तेव्हापासून चाक हललेलं नाही.

'सिंगल-स्पीडची चेन जास्त ओढते' हेही मी तपासलं. पायाचा जोर तोच धरला तर पुढचं चक्र जितकं लहान, तितका चेनचा ताण जास्त. जुन्या शर्यतीच्या सायकलींना 42 दाती चक्र, आडवी खाच आणि क्विक रिलीज असायचं, त्यावर लोक आल्प्स चढले. माझं पुढचं चक्र 46 दाती. म्हणजे माझा ताण कमीच!

तर श्रोते मित्रा, फ्रीव्हील असेल आणि खाच आडवी असेल तर खटका चालेल. घेण्याआधी फ्रेमच्या आतली रुंदी मोज (ट्रॅक हब 120 मिलिमीटरचे असतात) आणि पत्र्याची जाडीसुद्धा. फिक्स्ड करणार असशील तर मी नटच सांगेन. नट सरकणारच नाही असं नाही, पण फिक्स्डला पाय मागेही दाब देतात, चेन कायम ताणलेली लागते, आणि तिथे मला स्वतःला पान्याने आवळलेलं चाक बरं वाटतं. 15 नंबरचा पाना पिशवीत टाक. पुढचा ब्रेक दोन्हीकडे हवाच.

आणि एक, खटक्याचं चाक कोणालाही पाच सेकंदांत काढता येतं. म्हणून स्टेशनला लावताना मी मागच्या चाकातूनच साखळी घालतो. कॅरिअर परत लावायचा विचार चाललाय, पण तो आता अ‍ॅक्सलवर नाही, वर वेगळ्या क्लिपा लावून. काका म्हणाले, शनिवारी ये.