आगगाडीच्या कायद्यातले वैमानिक

२०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी आम्ही शिक्षक संपावर गेलो, तेव्हा शेजारच्या आजोबांनी मला अंगणातच गाठले. "मास्तर, ऐन परीक्षेत संप?" मला उत्तर सुचले नाही. संपाचा इतिहास वाचण्याचा नाद लागला तो तेव्हापासून, आणि त्यात अमेरिकेतल्या वैमानिकांची हकीकत मनात घर करून बसली.

१९३२ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या सेंच्युरी एअर लाइन्सचे मालक ई. एल. कॉर्ड यांनी वैमानिकांचा पगार दरमहा ३५० डॉलरांवरून १५० वर आणायचे ठरविले. दिवस मंदीचे, बेकार वैमानिकांना तोटा नव्हता. वैमानिकांची संघटना तर आदल्याच वर्षी जन्मलेली. तिचे अध्यक्ष डेव्हिड बेंकी स्वतः विमान चालवीत. त्यांनी संपकऱ्यांचे गाऱ्हाणे थेट वॉशिंग्टनला नेले. तेथे ला गार्डिया नावाचे सभासद, तेही महायुद्धातले वैमानिक, संपकऱ्यांच्या बाजूने तावातावाने बोलले. कॉर्ड यांनी लवकरच कंपनी विकून टाकली.

बेंकी यातून एक गोष्ट शिकले असावेत : मूठभर माणसांचे बळ रस्त्यापेक्षा कायद्यात अधिक. १९३४ मध्ये सरकारी मंडळाने वैमानिकाच्या उड्डाणाला महिन्याला ८५ तासांची मर्यादा घातली, आणि १९३६ मध्ये १९२६ चा आगगाडी कामगारांचा कायदा विमानांना लागू झाला. मौज पाहा, उडणाऱ्यांना रुळांवरचा कायदा!

पण या कायद्याने ढालीबरोबर बेडीही दिली. आधी वाटाघाटी, मग सरकारी मध्यस्थी. आणि तिला मुदत नाही! मंडळाने हात टेकले की ३० दिवस थांबायचे. त्यातूनही अध्यक्षांनी चौकशी मंडळ नेमलेच, तर आणखी ६०. इतके झाल्यावर संप. थांबण्यात मालकाचे फारसे बिघडत नाही, जुना पगारच चालू राहतो. मला हे खटकते. पण अडकलेल्या प्रवाशाचाही विचार कोणी तरी करायला हवा, हेही खरे. आमच्या परीक्षेला बसलेल्या पोरांसारखाच तो.

१५ फेब्रुवारी १९९७ च्या मध्यरात्री अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर गेले, आणि काही मिनिटांतच अध्यक्ष क्लिंटन यांनी मंडळ नेमून संप थांबविला. पुढल्याच वर्षी नॉर्थवेस्टच्या वैमानिकांनी संप पुकारला, तेव्हा मात्र तेच क्लिंटन मध्ये पडले नाहीत. विमाने पंधरवडाभर जमिनीवर उभी राहिली.

हे सारे मी आजोबांना सांगितले. ते म्हणाले, "आणि तुमची पेन्शन?"