मिरगाचं अरबी साल

मिरीग निघाला की गडहिंग्लज भागात पेरणीची घाई उडते. पूर्वी सरकारी हिशेबाचं वर्षही याच नक्षत्रावर उजाडायचं, आणि त्याचे आकडे मोडी कागदांवर अरबी शब्दांत उतरायचे. हा शुहूर सन, आपलं मृगसाल.

नेसरीच्या खिंडीत शिवरायांचे सरनौबत प्रतापराव गुजर विजापूरच्या बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ती तारीख 24 फेब्रुवारी 1674. त्या दिवशी विजापूरच्या आणि रायगडच्या दप्तरात साल एकच होतं: अर्बा सबैन व अलफ. चार, सत्तर आणि हजार, म्हणजे 1074. रणात समोरासमोर, कागदावर एका सालात!

हे साल आणलं कोणी? हिजरी वर्ष 354 दिवसांचं. पीक मात्र सूर्याच्या चालीनं येतं, मग वसुलीचा मेळ बसणार कसा? श्रेय बहुतेक जण मुहम्मद तुघलकाला देतात, साल 1344. बहामनींकडे बोट दाखवायचं तर त्यांची गादी 1347 ची, आणि त्या वर्षी मोहरम एप्रिलातच लागला होता. उलट हिजरी 745 सुरू झालं 15 मे 1344 ला, मृगाच्या अगदी तोंडाशी. तोच आकडा धरून पुढची मोजणी सूर्यावर सोपवली, हे मला पटतं. ‘सूर सन’ असं वाचून शेरशाह सूर आठवेल, पण तो दिल्लीच्या तख्तावर बसला 1540 मध्ये. शुहूर हे ‘शहर’ म्हणजे महिना, याचं अरबी अनेकवचन.

माझी नजर मात्र बगदादवर खिळली आहे. तिथे नवरोज, म्हणजे इराणी नववर्षाचा दिवस, मागे सरकत गेला आणि पीक शेतात उभं असतानाच सारा मागितला जाऊ लागला. म्हणून अब्बासी खलिफा मुअतदिदनं 895 मध्ये वसुलीचा नवरोज 11 जूनवर नेला. तुघलकानं अब्बासी खलिफाकडून मान्यतेची सनद मिळवली तीही 1344 च्याच सुमारास. ही कल्पना त्याच वाटेनं दख्खनेत आली, असं माझं ठाम मत आहे. फरक इतकाच, की इराकात जूनमध्ये खळं उरकलेलं असतं आणि आपल्याकडे तिफण जुंपतात.

पेशवाई संपेपर्यंत हे साल चाललं. तुमच्या घरी जुनं मोडी दप्तर असेल तर रद्दीत घालू नका. खमस, सबैन, मया असे शब्द दिसले की आकडा मांडा, 599 मिळवा. कागद जानेवारी ते मिरगाच्या आधीचा असेल तर 600.