घरगल्लीचा इतिहास

आमच्या विषयाचे नाव लांबलचक आहे : नगरेतिहास, नगरसिद्धान्त आणि नगररचना. त्यात पीएच.डी.साठी नाव नोंदवले, तेव्हा आजीने विचारले, "म्हंजी काय शिकतीस? शहर कुणी बांधलं त्ये?" मी हो म्हणाले. "मग त्याला पाच वर्सं कशाला? मला इचार की."

मी हसले. हे हसणे मला पुढे महाग पडले. कारण दोन वर्षे मी इतर सगळ्यांना विचारले, आजीला सोडून.

प्रबंधाचा पहिला आराखडा मांडला तो मुंबईच्या 'घरगल्ली'वर. दोन इमारतींच्या पाठी एकमेकींकडे आलेल्या असतात, मधे माणूस जेमतेम मावेल एवढी फट असते. आपण सर्वांनी ती पाहिली आहे, आणि नाक धरून पाहिली आहे. माझे मार्गदर्शक म्हणाले, "हा सांडपाण्याचा, अभियांत्रिकीचा प्रश्न आहे. यात सामाजिक इतिहास कुठे आला? जात हवीच असेल तर एक प्रकरण शेवटी जोडा." माणूस वाईट नव्हता. पण जात ही शेवटी जोडायची गोष्ट आहे, या समजुतीवर आपल्याकडची बरीच विद्वत्ता उभी आहे.

मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात घरगल्लीची व्याख्याच दिलेली आहे. तिचा आशय असा : गटार म्हणून उपयोगी पडणारी, किंवा शौचकूप आणि घाणीची इतर पात्रे साफ करणाऱ्यांना तिथवर पोचता यावे म्हणून राखलेली जागा. ही व्याख्या मी किती वेळा वाचली असेन! घराला पुढचा दरवाजा आहे, त्यातून येणाऱ्या माणसाची व्याख्या कायद्याला करावी लागत नाही. मागून येणाऱ्याची मात्र वाट आखून द्यावी लागते. टोपलीचे संडास होते तोवर मैला रोज उचलावा लागे. तो उचलणारा घरातून गेला तर घर बाटे. म्हणून बाहेरून वाट. गावात महारवाडा, मांगवाडा गावाबाहेर ठेवून जे साधले, ते जमिनीची टंचाई असलेल्या शहरात काही फुटांच्या फटीत साधले गेले. या कामासाठी पालिका घरमालकांकडून जो कर घेई, त्याचे नावच हलालखोर कर. मैला उचलणारे बहुतेक गुजरात-काठेवाडातून आणलेले. आमची माणसे कचऱ्यात, गोदीत, गिरणीत.

गिरणीचेही असेच. विणाईखात्यात धोट्यातला दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. म्हणजे एकाचा उष्टा धोटा दुसऱ्याच्या ओठाला. त्यामुळे जादा पगाराचे ते खाते अस्पृश्यांना बंद राहिले. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. यंत्र आधुनिक असले म्हणजे त्याभोवतीची माणसे आधुनिक होतात, हा सिद्धान्त कोणी मांडला असेल त्याने धोटा पाहिलेला नसावा.

१८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढताना त्याने सुरुवातीच्या वर्षांत घरे पाडली जास्त, बांधली कमी. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. बाबासाहेब परळच्या पोयबावडीला ज्या चाळीत वर्षानुवर्षे राहिले ती ट्रस्टची, आणि पुढे जिथे 'राजगृह' बांधले ती दादरची वसाहतही ट्रस्टच्याच आखणीतली. सत्तेने आखलेल्या शहरात आपल्याला जागा मिळाली ती अशी, फटीफटीतून, पण मिळाली. म्हणून शहराला नुसते शिव्याशाप देणारा इतिहास मला लिहिता येत नाही.

नगररचनेच्या वर्गात पॅट्रिक गेडीस यांचे नाव आदराने घेतात. ते १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याआधी इंदूरचे काम करताना त्यांनी दिवाळीची जी मिरवणूक काढवली, तिच्यात शहराचे झाडूवाले नव्या कपड्यांत, नव्या पागोट्यांत सन्मानाने चालले. गोष्ट खरोखर सुंदर आहे, आणि सांगणारे डोळे पुसत सांगतात. पण त्याच सुमारास, १९१७ साली, इंदूरजवळच्या महूत जन्मलेला आणि कोलंबियात शिकून आलेला एक तरुण बडोद्यात नोकरीला गेला. खोटे नाव सांगून त्याला पारशी सराईत राहावे लागले. तिथून लाठ्या घेतलेल्या जमावाने काढल्यावर त्या शहरात त्याला एक खोली मिळाली नाही. नगररचनेच्या ग्रंथात पहिली गोष्ट असते. दुसरी 'दलित साहित्या'च्या कपाटात. दोन्ही एकाच काळातल्या शहरांच्या गोष्टी आहेत, हे मला वर्गात उभे राहून सांगावे लागले.

लुई वर्थने १९३८ मध्ये शहरी जीवनावर जो निबंध लिहिला, त्यात शहरातली माणसे एकमेकांना वरवरच ओळखतात असा मुद्दा आहे. आम्ही तो पाठ केला. मला मात्र वरळीची बीडीडी चाळ आठवत होती. १९२० नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे अशा २०७ इमारती बांधल्या. तीन मजली इमारत, ८० खोल्या, मधे काळोखी बोळ, खोली १६० चौरस फूट. नकाशात सगळ्या खोल्या सारख्या. पण चाळीचा नंबर सांगितला की ऐकणाऱ्याला जात कळायची. जानेवारी १९७४ च्या दंगलीत दगड कुठून कुठे आले, हे समजायला हेच नंबर लागतात.

हे सगळे कागदांतून जमवल्यावर मी अखेर आजीकडे गेले. तिने माझ्याच वहीत पेन्सिलीने चाळ काढली. तिला वाचता येत नाही. नळ कुठे, कोणत्या वेळी कोणाची बादली पुढे. कोणत्या दारावरून सणाला जायचे नाही. आजोबा कचरा खात्यात होते. ते घरगल्लीत शिरताना वरच्या खिडक्यांकडे बघून हाक देत, कारण हाक न देता शिरले तर अंगावर खरकटे पडे. ती हाक तिने काढून दाखवली. असल्या हाकेचा उल्लेख मला कोणत्याही दफ्तरात सापडला नव्हता.

समितीपुढे नकाशा ठेवला. एक तज्ज्ञ म्हणाले, याला प्रमाण नाही; कागदावर प्रमाण म्हणजे स्केल नाही, आणि इतिहासात प्रमाण म्हणजे पुरावाही नाही. शब्दाचा श्लेष त्यांना आवडला. मी म्हणाले, ट्रस्टच्या नकाशाला स्केल आहे, पण त्यात नळावरची पाळी नाही. मग अपुरा कोणता? ठरले असे की आजीचा नकाशा परिशिष्टात घ्यावा.

२०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आमची इमारत अजून उभी आहे, आणि आजी रोज विचारते, नव्या घराला मागून वाट हाय का गं.

प्रबंधाचा अंतिम खर्डा परवा दिला. नकाशा मी परिशिष्टात घातलेला नाही. तो दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर आहे, खाली आजीचे नाव आणि शेजारी १८८८ ची व्याख्या. समितीचे उत्तर यायचे आहे.