ढेपेतले वीस आणि दुधातला अर्धा : बुरशीच्या विषाची मापे कशी ठरली



आय.एस.आय. छापाचे पशुखाद्य विकत आणले की पोत्यावर आय.एस. 2052 असा क्रमांक दिसतो. हे भारतीय मानक आहे. प्रथिने किती, स्निग्धांश किती, वाळू-माती किती, हे सगळे त्यात ठरवून दिलेले आहे. त्यातच एक बारीकशी अट आहे : अफ्लाटॉक्सिन बी-1 हे विष एका किलोमागे 20 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. प्रयोगशाळेतले लोक याला 20 पीपीबी म्हणतात, म्हणजे शंभर कोटी भागांत वीस भाग.

एवढे बारीक माप डोळ्यांपुढे येत नाही. तेव्हा असे समजा. तांदळाच्या एका दाण्याचे वजन साधारण वीस मिलिग्रॅमच्या आसपास भरते. एक टन ढेप, म्हणजे पन्नास किलोची वीस पोती, आणि त्या सगळ्यात मिळून तांदळाच्या एका दाण्याएवढे विष. त्याच्या वर गेले की माल नापास. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत तुमच्या घरचे किंवा शेजारचे कोणी कामाला असेल, तर ठराविक प्रमाण आणि ठराविक तपासणी म्हणजे काय हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. पण निर्माणीतला माल माणूस बनवतो. इथे विष बनवते बुरशी, आणि ती कोणाला विचारून बनवत नाही.

मग हे वीस आले कुठून? कोणी ठरवले? ही हकिकत साठ-पासष्ट वर्षांची आहे आणि तिची सुरुवात आपल्याकडे नाही, इंग्लंडात झाली.

1960 साली तिकडे टर्की जातीचे पक्षी पटापट मरू लागले. एक लाखावर पक्षी गेले. आधी वाटले नवी साथ आली. रोगाचे नाव कळेना, म्हणून त्याला 'टर्की एक्स' म्हणत. जंतू शोधले, सापडले नाहीत. शेवटी माग लागला तो खाद्याचा. ब्राझीलहून जहाजाने आलेली शेंगदाण्याची पेंड या पक्ष्यांना घातली होती, आणि त्या पेंडीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची हिरवट-पिवळी बुरशी वाढून गेलेली होती. बुरशीच्या नावातला 'अ', 'फ्ला' आणि पुढे 'टॉक्सिन' म्हणजे विष, असे अफ्लाटॉक्सिन हे नाव तयार झाले.

आता तपासणीचे बघा. पहिली तपासणी यंत्राने झाली नाही. एक दिवसाच्या बदकाच्या पिलांना संशयित पेंडीचा अर्क पाजत आणि यकृतावर काय परिणाम होतो ते पाहत. बदकाचे पिलू या विषाला फार हळवे असते. पुढे रसायनतज्ज्ञांनी तो अर्क काचपट्टीवर पसरवून अतिनील दिव्याखाली धरला, तेव्हा विषाचे ठिपके चमकताना दिसले. काही निळे, काही हिरवे. निळ्याला इंग्रजी अक्षर बी, हिरव्याला जी. बी-1, बी-2, जी-1, जी-2 ही नावे तेव्हापासूनची. यातला बी-1 सर्वांत जहाल. आज यापेक्षा फार तयारीची यंत्रे आहेत, अर्ध्या तासाच्या आत उत्तर देणाऱ्या पट्ट्याही मिळतात, पण नावे त्या चमकणाऱ्या ठिपक्यांचीच राहिली.

विष दिसू लागले की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : किती चालेल? अगदी शून्य म्हणावे तर पुष्कळ शेंगदाणा टाकून द्यावा लागेल. त्या काळी गरीब देशांतल्या कुपोषित मुलांसाठी शेंगदाण्याचे पीठ हा प्रथिनांचा स्वस्त आधार होता. म्हणून 1966 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या प्रथिनविषयक सल्लागार मंडळाने मुलांच्या पूरक आहारातल्या शेंगदाणा पिठासाठी 30 पीपीबी ही मर्यादा सुचवली. हे नीट लक्षात घ्या. तीस म्हणजे निर्धोक असे कोणी म्हटलेले नव्हते. एका बाजूला उपासमार, दुसऱ्या बाजूला विष, आणि मध्ये काढलेली ती तडजोड होती. आपल्याकडच्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांतही पुढे हाच तीसचा आकडा आला. अमेरिकेने 1965 मध्ये 30 धरला होता, तो 1969 मध्ये 20 वर आणला.

तडजोडीचा आकडाही पाळला नाही तर काय होते, याची नोंद आपल्याच देशात आहे. म्हैसूरकडे कुपोषित मुलांना ताकद यावी म्हणून दिलेले शेंगदाण्याचे पीठ बुरशी लागलेले निघाले. त्यात विष 300 पीपीबीच्या आसपास होते, ठरल्याच्या दहापट. पुढे काही मुलांच्या यकृताला सिरोसिस झाल्याचे डॉक्टरांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केले.

त्याहून मोठी घटना 1974 ची. राजस्थानचा बांसवाडा आणि गुजरातचा पंचमहाल, हे शेजारशेजारचे आदिवासी भाग. मका हेच तिथले मुख्य अन्न. त्या साली मक्याची काढणी होत असतानाच अवकाळी पाऊस आला, कणसे भिजली आणि तशीच घरात गेली. वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत दीडशेहून अधिक गावांत कावीळ पसरली. लोकांच्या पोटात पाणी भरू लागले. 397 जण आजारी पडले, त्यांतले 106 दगावले. घरातली कुत्रीही त्याच आजाराने मेली, आणि ही गोष्ट फार बोलकी होती, कारण माणूस आणि कुत्रा यांचे ताट एकच होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी घरोघरचा मका तपासला. त्यात विष निघाले 6,250 पासून 15,600 पीपीबीपर्यंत. तीसच्या मर्यादेशी हिशोब करून पाहा, दोनशेपट ते पाचशेपट!

तीसचा आकडा जगाला आठ वर्षांपासून माहीत होता. पण त्या घरांतल्या कणगीपाशी तो पोचलेला नव्हता. आणि पोचला असता तरी, घरात दुसरे धान्यच नाही म्हटल्यावर त्या माउलीने काय रांधायचे, हे मानकाच्या तक्त्यात लिहिलेले नसते.

आपल्या मुलखातलीही एक नोंद आहे. बाजरीच्या कणसावर अरगट नावाची बुरशी येते आणि दाण्याच्या जागी काळपट गाठ धरते. 1958 मध्ये छापलेल्या एका वैद्यकीय लेखात, तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन लोकांना मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी आल्याचे नमूद आहे. अरगटासाठी मर्यादा ठरली वजनाच्या 0.05 टक्के. ही मात्र प्रयोगशाळेशिवाय पाळता येते. शंभर भाग पाण्याला वीस भाग मीठ घेऊन द्रावण करा, बाजरी त्यात सोडा. अरगटाच्या गाठी हलक्या, त्या वर तरंगतात. त्या काढून टाका आणि खालचा दाणा साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन वाळवा. अफ्लाटॉक्सिनचे असे काही होत नाही. ते तरंगत नाही, त्याला वास नाही, चव नाही.

आणि उकळून ते जातही नाही. दुधाकडे वळू या ते याचसाठी.

विष असलेले खाद्य खाल्लेल्या गाईच्या दुधात त्याच विषाचे बदललेले रूप उतरते, हे 1960 च्या दशकातच कळले होते. दुधावरून त्याला एम-1 म्हणतात. गाय खाते त्या बी-1 पैकी साधारण एक-दोन टक्के, जास्त दूध देणाऱ्या जनावरात याहूनही अधिक, दुधात येते. आपल्या अन्नसुरक्षा कायद्याखाली दुधाची मर्यादा लिटरमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. युरोपात ती याच्या दहावा भाग आहे. आता हिशोब करा. एक गाय दिवसाला पाच किलो खुराक खाते आणि आठ लिटर दूध देते असे धरू. खुराकात बी-1 हे 20 असेल तर पोटात गेले 100 मायक्रोग्रॅम. दोन टक्क्यांनी दुधात आले 2. आठ लिटरांत वाटले तर लिटरला पाव, म्हणजे पास. तोच खुराक 100 पीपीबीचा निघाला तर दुधात 10 उतरले, लिटरला सव्वा, म्हणजे अडीचपट नापास. पोत्यावरच्या वीसचा आणि दुधातल्या अर्ध्याचा संबंध हा असा आहे.

2018 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे 6,432 नमुने घेतले. त्यांतल्या 368 नमुन्यांत एम-1 मर्यादेच्या वर निघाले. गवगवा झाला तो पाणी मिसळणाऱ्यांचा, पण हे विष काही कोणी मुद्दाम मिसळत नाही. ते गोठ्यातून, चाऱ्या-खुराकातून येते, असेच प्राधिकरणाने सांगितले. दिलाशाची गोष्ट एवढी की खराब खाद्य बंद केले की चार-पाच दिवसांत दूध बहुतेक निवळते.

म्हणाल, एक मूठ ढेप घेऊन तपासून आणू. इथेच घोळ होतो. बुरशी पोत्यात सारखी पसरत नाही. एका कोपऱ्यात गठ्ठा असतो, बाकी सगळे स्वच्छ. शेंगदाण्याच्या शेकडो दाण्यांत एकच दाणा इतका विषारी असू शकतो की त्याच्यामुळे सगळा ढीग नापास व्हावा. म्हणून नमुना घेताना जेवढी चूक होते तेवढी यंत्रात होत नाही. भिंतीला टेकलेल्या, वरच्या, खालच्या, मधल्या अशा निरनिराळ्या पोत्यांतून, प्रत्येकाच्या तळापासूनही, थोडे थोडे काढा. निदान वीस-पंचवीस ठिकाणांहून पाच किलोपर्यंत गोळा करा, दळून एकजीव करा आणि त्यातले अर्धा-एक किलो द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला माल भरू नका, वाटेतच बुरशी वाढेल. कागदाची किंवा कापडाची पिशवी बरी. त्याच मिश्रणातला एक भाग, तारीख घालून आणि तोंड शिवून, घरी ठेवा. दुकानदाराशी बोलणे निघाले तर तो कामी येतो.

आता आपल्या धानाच्या मुलखाचे. ढेपेला मानक आहे, दुधाला आहे, मक्या-डाळींना आहे. आधीचे 30 खाली आणून धान्य आणि डाळींसाठी आता 15 केले आहे. तणसाला मात्र पोत्यावरचा छाप नाही. ते आपल्याच बांधीतले, आपल्याच गोठ्यात जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धानाच्या कडपा पडलेल्या असताना पाऊस आला, की पुंजणे ओलेच रचले जाते आणि आत तणस काळे पडते. अविभाजित पंजाबात देग नाल्याच्या काठी, धानाच्याच पट्ट्यात, म्हशींना एक आजार होई. थंडीत शेपटीचे टोक, कानाच्या कडा, खुरांवरची कातडी सुकून काळी पडे आणि झडून जाई. 1939 मध्ये त्यावर शास्त्रीय लेख आला, नाव पडले 'देगनाला'. काहींनी चाऱ्यातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले, पण बहुतेक पशुवैद्य काळ्या तणसावरच्या फ्युजेरियम बुरशीलाच धरतात. याला प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबायचे नाही. शेपटीचे टोक थंडगार आणि कोरडे लागले की त्याच दिवशी ते तणस बंद करा, दुसरा चारा द्या आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. लवकर बंद केले तर जखमा भरून येतात. खूर निघून आल्यावर उपाय अवघड.

काळे तणस झटकून, वरचे चांगले खाली आणि खालचे वर करून घालण्याची आपल्याकडे सवय आहे. झटकल्याने काळी धूळ उडते आणि ती तुमच्या छातीत जाते. विष काडीत मुरलेले असते, ते तिथेच राहते. असे तणस खताच्या खड्ड्यात टाका. ढेपेची पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर रचा, आणि पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांना पुरेल एवढीच आणा. जुने पोते आधी संपवा. गठ्ठा झालेली, आतून हिरवट-पिवळी दिसणारी ढेप भिजवून घालू नका, कोंबड्यांनाही नको. ज्या बदकाच्या पिलांवर या विषाची पहिली पारख झाली, त्यांच्या खालोखाल हळवी टर्कीची पिले होती, आणि घरची कोंबडी त्यांच्याइतकी हळवी नसली तरी अंडी कमी देऊ लागते, ते लगेच ध्यानात येत नाही.